सहाणेवर न झिजणारं मूळ

यंदाच्या श्रावणात, एका गुरुवारी सकाळी, भोरमधल्या एका घरात बाळंतिणीला दुधातून दिलं जाणारं चूर्ण निव्वळ काळ्या मुसळीचं नाही, हे उघड झालं. त्यात समुद्रातला एक प्राणी वाळवून, कुटून घातलेला होता. त्याच दुपारी बाळंतिणीच्या वडिलांनी विंझरला तिच्या सासरी फोन केला आणि मुलगी व नात यापुढे तिकडे येणार नाहीत, असं कळवलं.

बाळंतीण म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. चूर्ण पाठवलं होतं तिच्या सासूने, म्हणजे माझ्या काकूने. मी पूर्वी पुण्यात एका दैनिकात काम करायचो, आता भोरला राहतो. हे स्थळ मी सुचवलं होतं. त्यामुळे फोन विंझरला गेला तसा मलाही आला.

"शब्द तुम्ही दिला होता," मुलीचे वडील म्हणाले. "या आत्ता. बघा काय खाऊ घातलंय."

हा शब्द काय होता ते सांगायला हवं. मुलीकडचे माळकरी. घरात चार पिढ्या मांस-मासळी नाही, चातुर्मासात कांदा-लसूणही नाही. मुलगीही भोरला एका कचेरीत नोकरीला लागल्यापासून गळ्यात तुळशीची माळ घालते. काकूच्या घरात मासळी शिजते आणि चुलतभाऊ महाडकडून वरंध घाटाने मासळीचा टेम्पो चालवतो. लग्न ठरताना बैठकीत एकच अट होती, मुलीच्या ताटात चुकूनही काही जाणार नाही. तसा शब्द मी दिला, काकूने अट मान्य केली आणि सुनेसाठी भांड्यांचा वेगळा संच आणला. तो तिने एकदाही दुसऱ्या कशाला वापरला नाही. याला सुनेचाही दुजोरा आहे.

भोरच्या घरी पोचलो तेव्हा ओट्यावर स्टीलचं ताट होतं आणि ताटात दोन काळे तुकडे. दोन्ही बोटाएवढे, सुरकुतलेले, आडव्या वळ्यांचे. वरच्या मजल्यावर राहणारे, महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारे गृहस्थ चष्मा कपाळावर ढकलून ताटावर वाकले होते. मुलगी आतल्या खोलीत होती. दार उघडं होतं.

शंका आली ती मुलीच्या आईला. काकूने चूर्णासोबत एक अख्खा तुकडाही पाठवला होता, चूर्ण संपलं की उगाळून द्यायला. आईने तो त्या सकाळी सहाणेवर घेतला. मूळ कुठलंही असो, सहाणेवर झिजतं, पांढरं किंवा पिवळं गंध सोडतं. हा तुकडा घसरत राहिला. जोर दिला तसा तो ओला होऊन रबरासारखा वाकला. तिने तो वरच्या मजल्यावर नेला आणि प्राध्यापकांनी बाजारातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून खरी काळी मुसळी मागवून शेजारी ठेवली.

"हे बघा," ते मला म्हणाले. त्यांनी आधी मुसळी मोडली. टक्कन मोडली. आत भरीव, पिठूळ, मळकट पांढरी. "हे खोड आहे, जमिनीत उभं वाढणारं. वर हळदीच्या कोंबासारखी पानं, आणि पावसाळ्यात जमिनीला चिकटून सहा पाकळ्यांचं पिवळं फूल. ठीक?" मग दुसरा तुकडा सुरीने उभा चिरला. आत पोकळ. "आणि ही समुद्रकाकडी. वाळलेल्या तुकड्यावरून जात नक्की सांगता येणार नाही, पण खडकाळ किनाऱ्यावर असते ती काळी असावी. आतडं काढून, उकळून वाळवतात. ही नळी आहे, दिसतंय? हे एक टोक, हे दुसरं. हे तोंड. मुळाला तोंड नसतं."

"म्हणजे मासा," वडील म्हणाले.

"मासा नाही. हाडं नाहीत, डोकं नाही, मेंदूही नाही. वाळू गिळते आणि वाळू टाकते."

"जीव आहे ना?"

"होता."

"मग झालं."

प्राध्यापक तरीही बोलत राहिले. या प्राण्याला धोका वाटला की तो आपलं आतडं बाहेर फेकतो, आणि नंतर ते पुन्हा वाढवतो. काही जाती मधोमध तुटून दोन होतात. मुसळीचंही वरचं टोक पानांसकट मातीत परत लावलं तर जगतं. दोन्ही ताकदीसाठी विकल्या जातात आणि वाळल्यावर दोन्हींची कळा एकच. मग आवाज उतरवून त्यांनी आणखी एक सांगितलं. समुद्रकाकडी कायद्याने संरक्षित आहे, नुसती घरात बाळगणंही गुन्हा आहे. हा तुकडा नष्ट करा, असं ते म्हणाले.

वडिलांनी तुकडा रुमालात गुंडाळून खिशात टाकला.

"नष्ट कशाला? आधी त्यांच्यासमोर ठेवतो. नाही तर वनखात्यासमोर."

आतून मुलीचा आवाज आला, "बाबा, कुणी मुद्दाम केलं हे अजून ठरलेलं नाही."

"तू पडून राहा. तुला विटाळलं कुणी ते मी ठरवतो."

"माळ माझ्या गळ्यात आहे, बाबा."

त्यांनी दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते आणि मी विंझरला गेलो. चेलाडी फाट्यावर मी गाडी वळवली. नसरापूर मागे पडल्यावर म्हणाले, "तुमच्या काकूंनी लग्नाच्या पंगतीत माझ्या बहिणीला काय म्हटलं माहीत आहे? म्हणे, गवत खाऊन दूध गाईला येतं, बाईला न्हाई. हे मी तेव्हा गिळलं. आज कळतंय, तो नुसता टोमणा नव्हता, बेत होता."

ते वाक्य मीही ऐकलं होतं. मी तसं त्यांना सांगितलं.

काकूचं माहेर पासलीचं. मुसळीची ओळख तिला तिथल्या डोंगरातून आहे. ती खणायची तिची पद्धत ठरलेली आहे. फुलून गेल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही. खणल्यावर पानांकडचं टोक कापून त्याच खड्ड्यात परत ठेवायचं. घरी आणलेलं मूळ तांदळाच्या धुवणात भिजवायचं आणि जे जास्त फुगेल ते जोमदार समजून बाळंतिणीसाठी वेगळं काढायचं. आणखी एक रीत तिच्या माहेरची. घरात अनोळखी बी किंवा कंद आला की पहिला एक जमिनीला द्यायचा. तो रुजला तर उरलेले माणसाला. न रुजला तर उकिरड्यावर. विंझरमधल्या निम्म्या बाळंतिणींनी तिच्या हातचं चूर्ण घेतलं आहे.

आम्ही पोचलो तेव्हा चुलतभाऊ घरीच होता. पावसामुळे घाट बंद होता आणि टेम्पो अंगणात ताडपत्रीखाली उभा होता. काकूने पाण्याचा तांब्या पुढे केला. व्याह्यांनी, म्हणजे मुलीच्या वडिलांनी, तो घेतला नाही. रुमाल सोडून तुकडा ओसरीवर टाकला.

"हे काय आहे, विहीणबाई?"

"मुसळी हाय. समुद्राकडची."

"ही मासळी आहे."

काकूने तुकडा उचलून हुंगला. "मासळी कशी आसंल? काटा कुठं, खवला कुठं?"

"वास येत नाही?"

"वास तर ह्याच्या शर्टालाबी येतो," ती मुलाकडे हात करून म्हणाली. "त्यो आनतो त्या समद्याला येतो. गूळ आनला तरी मासळीचाच वास. म्या काय गूळ फेकू व्हय?"

चुलतभावाने सांगितलं ते असं. घाट बंद होण्याआधीच्या शेवटच्या खेपेत बंदरावर दक्षिणेकडच्या एका बोटीवरच्या माणसाने ही पिशवी दिली. घरी बायको बाळंत झाली म्हटल्यावर, ताकदीचं आहे, म्हणून दिली. हे प्राणी असतं की मूळ, हे आपण विचारलं नाही, तो म्हणाला.

"रोज मासळी वाहतोस आणि तुला कळत नाही?" त्याच्या सासऱ्यांनी विचारलं.

"मी पेट्या वाहतो. पेटीत काय ते पावतीवर असतं."

त्याला खरोखर माहीत नव्हतं का, हे मी नंतर दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने हेच उत्तर दिलं.

"बाकीचे कुठे आहेत?" सासरे म्हणाले. "सगळे बाहेर काढा. वनखात्याचा माणूस माझ्या ओळखीचा आहे. घरात नुसतं ठेवलं तरी आत जाल."

चुलतभाऊ उठला, आत गेला, फळीवरचा डबा काढला आणि कुणी काही म्हणायच्या आत तो पेटत्या चुलीत उपडा केला. काही क्षण नुसता धूर झाला. मग केस जळल्यासारखा वास घरभर पसरला. मूळ जळताना असा वास येत नाही. काकू दारात उभी होती. तिने पदर नाकाला लावला आणि पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं की तिला कळलं आहे.

"आता पुरावाही जाळला," सासरे म्हणाले. "छान. म्हणजे ठाऊक होतं."

"पुरावा कसला? तुमीच आत टाकायला निघालाय," चुलतभाऊ ओरडला. "मला आत टाका, म्हणजे मुलगी भोरलाच ठेवायला मोकळे. लग्न झाल्यापासून हेच पायजे तुमाला."

"हो, हेच पाहिजे. लपवत नाही. माशाच्या पेट्यांशेजारी निजणाऱ्याला मी मुलगी दिली, ती या साहेबांच्या शब्दावर."

"साहेबाला बायको हाय का इचारा," काकू म्हणाली. "दुसऱ्याच्या सोयरिकी जमवतोय."

मला बायको नाही. यावर कुणी हसलं नाही.

व्याही उठले. चपला घालता घालता म्हणाले, "एक तरी शिल्लक असेल. चोर सगळं जाळत नाही."

"एक हाय," काकू म्हणाली.

चुलतभाऊ वळला. "आई, गप."

"परसात हाय. गोठ्याच्या कडंला लावलाय. रुजलाय त्यो."

सगळे परसात गेले. गोठ्याच्या भिंतीलगत काकूची मुसळीची ओळ आहे, पासलीहून आणून लावलेली. कोंबड्यांपासून राखण म्हणून भोवती करवंदीच्या काट्या खोचलेल्या. पानं वीतभर उंच होती आणि दोन झाडांच्या बुडाशी पिवळी फुलं होती. ओळीच्या शेवटी वेगळं आळं केलेलं होतं. त्याच्या मधोमध एक कोवळा कोंब, दोन पानांचा.

"ह्यो बगा. पिशवी आली त्याच सांजंला लावला. रोज पानी घातलं. म्हनलं, अनोळखी जिन्नस हाय, जमीन काय म्हनती बगू. दीड महिन्यानं फुटला. फुटला तवाच बाकीचं भिजत घातलं. भिजलं आन् काय फुगलं! आसली मुसळी म्या उभ्या जन्मात बगितली न्हवती. म्हनलं, सुनंलाच द्यायची. दुसऱ्या कुनाला न्हाई."

व्याह्यांनी वाकून कोंब बुडाशी धरला आणि उपटला. कोंबासोबत माती आली आणि मातीसोबत एक काळं कातडं. आतलं सगळं विरघळून गेलं होतं, नळी तेवढी उरली होती. कोंबाची पांढरी मुळं त्या नळीत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आली होती. पण कोंब नळीतून निघालेला नव्हता. तो निघाला होता शेजारच्या मुसळीच्या पानाच्या टोकातून. ते लांब पान वाकून आळ्याच्या मातीला टेकलं होतं आणि टेकलं तिथे रुजलं होतं. पान अजून हिरवंच होतं. उपटताना ते ताणलं गेलं आणि मग तुटलं.

काकू खाली बसली. तिने कातडं तळहातावर घेतलं, उलटंपालटं केलं.

"ह्याला न्हाई फुटला," ती म्हणाली.

"नाही," मी म्हणालो.

"मंग म्या दीड महिना कशाला पानी घालत हुते?"

व्याही तिच्याकडे उभ्या उभ्या बघत होते. मी मोबाईलवर फोटो घेतले, कातड्याचे, मुळांचे, तुटलेल्या पानाचे.

"हे बघितलंत ना?" मी त्यांना म्हणालो. "मासळी आहे हे माहीत असणारी बाई ती मातीत लावून पाणी घालत बसत नाही. मुद्दाम केलं, हा तुमचा आरोप इथे टिकत नाही."

"बरं, नाही टिकत," ते म्हणाले. "मुद्दाम नाही केलं. मग अडाणीपणाने केलं. आधी वाटलं होतं वैरी आहेत, आता कळलं की वेड्या आहेत. वैऱ्यापासून मुलीला सांभाळता येतं, विहीणबाई. तुमच्यासारखीपासून कसं सांभाळू?"

"म्या जमिनीला इचारलं हुतं," काकू म्हणाली. "तुमी कुनाला इचारता? सोताला. आन् सोताच व्हय म्हनता."

"मुलगी येणार नाही."

"तिला बोलू द्या की."

"मी बोलतोय ना."

"तेच म्हनतीया म्या. तुमीच बोलताय."

परतीला ते माझ्याबरोबर आले नाहीत. मार्गासनीकडे जाणाऱ्या एसटीत चढले. चढताना त्यांनी रुमाल गटारात टाकला. ओसरीवरचा तुकडा त्यांनी सोबत नेला नव्हता. तो चुलतभावाने त्याच संध्याकाळी जाळला, असं तो सांगतो. मी पाहिलेलं नाही. वनखात्याकडे तक्रार गेली नाही.

दोन दिवसांनी मुलीचा मला फोन आला. तिने ख्यालीखुशाली विचारली नाही.

"फोटो आहेत म्हणे तुमच्याकडे. पाठवा."

"वडिलांना विचारलं का?"

"तुम्हीही तेच का? पाठवा."

मी पाठवले. ते तिने वरच्या मजल्यावर प्राध्यापकांना दाखवले. त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना विचारून तिला सांगितलं की काळ्या मुसळीचं पान जमिनीला टेकलं की टोकाला मुळं धरून नवं रोप होऊ शकतं. अनुभवी माणसालाही तिथे पुरलेल्या कंदालाच कोंब आला असं वाटेल. हे तिने मला पुन्हा फोन करून कळवलं. मग विचारलं, "आत्या काय म्हणाल्या? नक्की शब्द सांगा." सासूला ती आत्या म्हणते.

मी नक्की शब्द सांगितले. दीड महिना कशाला पाणी घालत होते, तेही. वैरी आणि वेड्या, हेही.

"आणि पंगतीतलं ते गवत आणि गाय, ते खरं?"

"खरं. मी ऐकलं होतं."

"तेव्हा सांगितलं नाहीत."

"कुणी विचारलं नव्हतं."

"तुमची सवयच आहे ती," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिच्या घरात त्यानंतर काय बोलणं झालं, याची माझ्याकडे दोन बाजूंची माहिती आहे आणि ती जुळत नाही. वडील म्हणतात की मुलीने त्यांच्यावर आवाज चढवला. आई म्हणते, चढवला तो त्यांनी. दोघांच्याही सांगण्यात एक गोष्ट समान आहे. मुलीने गळ्यातली माळ उतरवून देवापुढे ठेवली, त्या दिवशी उपास केला आणि दुसऱ्या सकाळी स्वतःच्या हाताने ती परत घातली. वडिलांना वाटत होतं की नवी माळ आळंदीहून आणून त्यांच्या हातून घातली जावी. तसं झालं नाही. त्या दिवसापासून ते मुलीशी बोलत नव्हते.

विंझरमध्येही गोष्ट पसरली होती. आपल्यालाही काय काय खाऊ घातलं असेल, असं विचारायला दोन घरच्या बायका काकूकडे आल्या. एकीने न वापरलेली चूर्णाची पुडी अंगणात फेकली. ती गेल्या वर्षीची होती, निखळ मुसळीची. काकूने पुडी उचलली नाही. पावसाने ती विरघळली. आळं तिने बुजवलं आणि करवंदीच्या काट्या उपटून चुलीत घातल्या. त्यानंतर कोंबड्यांनी मुसळीची अर्धी ओळ उकरली. चुलतभावाने तुरीच्या काटक्यांचं कुंपण घालू का म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "उकरू दे. त्यांना तरी काय खात्यात ते कळतंय."

भाद्रपदाच्या सुरुवातीला, गणपतीच्या आधी, चुलतभावाने मला फोन केला. "येतीया म्हणे ती. एकटीच. मला न्यायला येऊ नको म्हणाली. तू ये बरं का. दोघी समोरासमोर आल्यावर मला जमायचं न्हाई."

मी सकाळीच विंझरला गेलो. ती दुपारच्या एसटीने आली. बाळ दुपट्यात, खांद्याला पिशवी, गळ्यात जुनीच माळ. सोडायला वडील आले नव्हते. आई चेलाडी फाट्यापर्यंत येऊन परत गेली होती.

काकू उंबऱ्यात भाकरतुकडा आणि पाणी घेऊन उभी होती. तिने तो दोघींवरून ओवाळून बाहेर टाकला. सुनेच्या पायांवर पाणी ओतलं. मग वेगळ्या संचातला तांब्या पुढे केला.

"घासलाय," काकू म्हणाली. "तुज्याच भांड्यातला हाय."

"दिसतंय, आत्या."

"पानीच हाय नुसतं."

"तेही दिसतंय."

सुनेने तांब्या घेतला आणि न पिता उंबऱ्याच्या आत खाली ठेवला. बाळ काकूच्या हातात दिलं. मग ती स्वयंपाकघरात गेली, फळीवरून स्वतःचा पेला काढला, माठात बुडवला आणि तिथेच उभी राहून पाणी प्याली.